पगडीवर न बसलेली चुंबळ

डिसेंबरात नागपूरला जाऊ नका, अधिवेशनामुळे राहायला जागा मिळत नाही, असं मला मिरजेत भेटेल तो सांगत होता. सांगणाऱ्यांपैकी नागपूर पाहिलेला एकही नव्हता. मला जागेची काळजी नव्हती. मी सोनाबाईच्या लेकीकडे उतरणार होते, आणि न जाण्याचा सल्ला ऐकायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

सोनाबाई राठोड कोण, ते आधी सांगायला हवं. मिरजेत माझं हातकामाच्या कपड्यांचं लहानसं दुकान आहे. त्यातलं आरसेकाम यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बंजारा तांड्यावरून येतं आणि ते करणारी बाई म्हणजे सोनाबाई. इतक्या वर्षांत आमचं पैशांवरून कधी वाजलं नाही, रंगांवरून मात्र दर महिन्याला वाजतं. मला फिके रंग लागतात, कारण गिऱ्हाईक ते मागतं. सोनाबाईच्या मते फिका रंग म्हणजे आजारी रंग.

या वेळी तिनं माझ्याकडून उत्तमातले उत्तम आरसे मागवले आणि काम काही पाठवलं नाही. फोन करून झापलं तर म्हणाली, "हे तुयासाठी नाही बाई. हे गुरूच्या घरचं आहे. पाहाचं असन तं नागपूरले ये."

शिखांच्या नवव्या गुरूंच्या हौतात्म्याला साडेतीनशे वर्षं झाली म्हणून राज्य सरकारनं नागपुरात मोठा मेळावा, त्यांच्या शब्दांत समागम, ठेवला होता. त्याला शिखांबरोबर बंजारा, हत्यारं घडवणारे सिकलीगर, सिंधी अशा समाजांनाही मानाचं निमंत्रण होतं. यात बंजारा कुठून आले हे मला कळेना. न कळलेली गोष्ट मला झोपू देत नाही, म्हणून गेले.

हुडकेश्वर

सोनाबाईची लेक कविता एका दवाखान्यात परिचारिका आहे. नागपूरच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरला तिनं आणि तिच्या नवऱ्यानं घर बांधलंय. तिथे वसाहतीला लेआऊट म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "कोणतं लेआऊट?" या प्रश्नावर मी अडकले आणि दोनदा त्याच पाण्याच्या टाकीला प्रदक्षिणा घालून पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवितानं पोहे केले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते, त्यांना असं बुडवत नाहीत. मी निषेध नोंदवला. मग एक घास खाल्ला, नाक पुसलं आणि आणखी पोहे मागितले. बाहेर थंडी अशी होती की तिखटानं आलेला घामसुद्धा हवाहवासा वाटत होता.

सोनाबाई आदल्या दिवशीच तांड्यावरून आली होती. तिनं गाठोडं सोडलं आणि आतली वस्तू दोन्ही हातांवर धरून माझ्यासमोर आणली. ती चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवायला आपल्याकडे बायका जुन्या लुगड्याचं वेटोळं करतात, तीच. पण ही कवड्यांनी मढवलेली होती आणि तिला मागे, पार कमरेपर्यंत रुळेल असं भरतकामाचं फडकं जोडलेलं होतं. लाल, पिवळा, मोरपंखी, आणि मधूनमधून माझे आरसे. एकही रंग आजारी नव्हता. माझ्या दुकानात दर्शनी काचेत लावायला हिचे मी कितीही पैसे दिले असते, आणि तसं बोलूनही गेले. सोनाबाईनं ती लगेच पुन्हा गाठोड्यात ठेवली.

"गुरुद्वाऱ्यातले लोकं तांड्यावर आले होते बोलवाले," तिनं सांगितलं. "म्हणे, परसाद डोक्शावर घेऊन नेतात. म्हटलं, डोक्शावर नेतात तं चुंबळ पाहिजेच. ते आमची."

बंजारा कुठून आले, हे मी अखेर विचारलं. ती आधी त्यांच्या बोलीत दोन ओळी गुणगुणली. हे त्यांच्या घरातलं गाणं, तिच्या आजीकडून आलेलं. मग माझ्यासाठी मराठीत सांगू लागली.

"दिल्लीच्या बादशहानं गुरूले मारलं. धडाले कोणी हात लावाचा नाही, असा हुकूम. तिकडून आमचा एक माणूस बैलगाड्या घेऊन चालला होता. मोठा सौदागर, गाड्याच गाड्या. धुरळा उडाला, त्यात त्यानं गुरूचं धड उचललं अन् घरी नेलं. आता चिता पेटवाव तं शिपाई येतीन. मंग त्यानं काय केलं? घरच पेटवून देल्लं. सोताचं. सामानासकट. लोकाईले वाटलं, घर जळून राहिलं."

"आणि मग?"

"मंग काय. घर गेलं. पण गुरू नीट गेले."

कविता चहा गाळत होती. ती पाठमोरीच बोलली. "आणि त्याच बंजाऱ्यांना पुढं इंग्रजांनी कायदा करून जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, मावशी. माझा पणजोबा ठाण्यात हजेरी द्यायला जायचा. कायदा गेला, पण सवय नाही गेली लोकांची. शाळेत कोणाचा पेन हरवला की आधी माझं दप्तर उलटं करायचे."

सोनाबाईनं लेकीच्या हातून कप घेतला. "उद्या सरकार माइकवर म्हणन, ह्या लोकाईनं घर जाळलं होतं गुरूसाठी. मले तेवढं आयकाचं आहे. अन् आमच्या चुंबळीवरून परसाद गेला, हे डोयानं पाहाचं आहे. मंग मी मोकळी."

लंगरचा मंडप

दुपारी आम्ही तिघी मैदानावर गेलो. समागम दुसऱ्या दिवशी होता, पण लंगरच्या, म्हणजे सगळ्यांच्या पंगतीच्या, मंडपात चुली केव्हाच पेटल्या होत्या. तिथं राज्य होतं गुरमीत कौर नावाच्या बाईचं. साठीची, दणकट, खांद्यावरची ओढणी कमरेला खोचलेली. तिचं बालपण नागपुरात विणकरांच्या वस्तीत गेलं होतं, त्यामुळे पंजाबी चेहऱ्यातून अस्सल नागपुरी बाहेर पडत होतं आणि माझा कान दर वेळी दचकत होता.

"काहून उभी आहे वं ताई? लाटणं घे," ती मला म्हणाली.

लाटणं घेण्यात मी कुणाला हार जात नाही. घडी घातली, तेल लावलं, तीनपदरी पोळी लाटली, कडा सारख्या केल्या. मान वर केली तर माझ्या शेजारणींनी तेवढ्यात रोट्यांचे ढीग लावले होते आणि गुरमीत माझ्या पोळीकडे पाहत होती.

"एवढ्या लाडानं लाटशीन तं लोकं परवा जेवतीन."

सगळा मंडप हसला. मी घडी सोडून दिली आणि रोटी लाटायला शिकले. मिरजेत हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग सोनाबाईनं चुंबळ काढली. बायका लाटणी टाकून गोळा झाल्या, कुणी आरशांत पाहिलं, कुणी कवड्या मोजल्या. प्रसाद नेणाऱ्या सेवादारांना बोलावणं गेलं. पहिला आला, उंच, केशरी पगडीचा. त्यानं वाकून, हात जोडून चुंबळ घेतली आणि पगडीवर ठेवली. ती बसली भोपळ्यावर बांगडी बसावी तशी. त्यानं एक पाऊल टाकलं आणि ती कानावरून घसरली. त्यानं ती वरच्यावर झेलली. दुसऱ्याची पगडी टोकदार होती, त्याच्या कपाळावर ती आली. तिसऱ्यानं मान अजिबात न हलवता चालायचा प्रयत्न केला आणि त्याला पाहून सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

सोनाबाई हसत नव्हती. "माय वं," ती हळूच म्हणाली. "जिंदगीभर बाईच्याच डोक्शाची शिवली. पगडी ध्यानातच नाही आली."

एकानं सुचवलं, भांड्यावर झाकण म्हणून पांघरू या. सुचवणारा चांगल्या मनानं बोलत होता, पण सोनाबाईनं मान हलवली. "चुंबळ वर नाही राहात गा. वजनाखाली राहाते." तिनं ती घडी करून मांडीवर घेतली. आजीच्या गाण्यापासून सुरू झालेलं काम पगडीच्या गोलाईशी येऊन थांबलं होतं, आणि मला त्या पगड्यांचा राग आला. राग धरायला दुसरं कुणी नव्हतंच.

त्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी लगबगीनं आली. संयोजकांपैकी कुणाकडून तरी आली होती, सकाळपासून जेवलीही नसावी. "काकू, तुम्ही बंजारा नृत्यपथक ना? भाषणांच्या आधी दहा मिनिटं आहेत तुमची. ड्रेस तर घातलाच आहे, छान आहे अगदी."

सोनाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "हा डिरेस नाही पोरी. हे माये कपडे आहेत. अन् गुरूच्या आठवणीच्या दिवशी मी नाचू काहून?"

मुलगी लालबुंद झाली. वाईट नव्हती ती. "मग तुमचं नेमकं काय असणार उद्या?" तिनं खरोखरच विचारलं. बंजारे बोलावले होते, पण ते येऊन काय करणार हे कुणी ठरवलं नव्हतं. नाचणार, हेच आपसूक ठरलं होतं.

गुरमीतनं पिठाचे हात झटकले. "मी सांगते. परसाद घेऊन जाईन ही."

"ही?"

"ज्याची चुंबळ, त्याचंच डोकं. त्यात काय?"

आता आक्षेप आला तो कविताकडून. "काकू, आईच्या मानेचा मणका झिजलाय. मी स्वतः डॉक्टरकडं नेलंय तिला. वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि तांड्यात नळ येऊन किती वर्षं झाली, तिनं घागर घेतलीच नाही त्यानंतर."

"नळ आला," सोनाबाई म्हणाली, "म्हणून डोकं गेलं नाही माह्यं."

प्रश्न गेला गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्या ज्ञानीजींकडे. पांढरी दाढी, कमी बोलणं. त्यांनी चुंबळ हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, आतलं वेटोळं बोटांनी दाबलं, आणि सोनाबाईच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं. "चुंबळ कोरी आहे?" त्यांनी विचारलं. कोरी होती. "हात स्वच्छ, डोकं झाकलेलं, मनात गुरूचं नाव. इससे ज्यादा क्या चाहिए?" मग कविताकडे वळून त्यांनी मधल्या मापाचं भांडं दाखवलं. त्याहून मोठं द्यायचं नाही, असं त्यांनी सेवादारांना बजावलं. कविताला ते पटलेलं दिसत नव्हतं.

निघताना गुरमीतनं सोनाबाईला चहा दिला आणि जवळ बसली. "माया बापाचा ट्रक चौऱ्याऐंशीत जाळला. इथं नाही, दूर तिकडं, रस्त्यावर. तो मिळन त्या गाडीनं, नाही तं पायी, घरी आला. पगडी धुराची झाली होती. ते त्यानं मरेलोक धुवू नाही देल्ली. म्हणे, जे झालं ते कोणी तरी मोठ्यानं बोलाव, मंग धुवा." सोनाबाईनं तिचा हात धरला. दोघींनी चहा संपवला.

मैदान

सकाळी कवितानं आईपुढे रेशमी साडी ठेवली. "ही नेस आज. नाही तं पुन्हा नाचवाले बोलावतीन." रागानं किंवा काळजीनं तिची भाषाही गावाकडची झाली होती. सोनाबाईनं साडीवरून हात फिरवला, सुंदर आहे म्हणाली, आणि आपला घेरदार घागरा, आरशांची चोळी आणि कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या घालून तयार झाली.

मैदानाचं वर्णन करता येणार नाही इतकी माणसं होती. पगड्यांचे इतके रंग मी एका जागी पाहिले नव्हते, आणि त्यांत तांड्यांवरून आलेल्या बायकांचे घागरे मिसळले होते. माझी फिक्या आकाशी रंगाची साडी त्या दिवशी खरंच आजारी दिसत होती. सेवा म्हणून जोडे सांभाळायला बसलेले गृहस्थ सुटाबुटात होते. कीर्तनातले शब्द मला कळत नव्हते, तरी बसून राहावंसं वाटत होतं.

पण मी बसले नाही. सोनाबाई लंगरच्या मंडपामागे होती आणि मला तिच्यापाशी थांबायचं होतं. लोखंडी कढईत कणीक तुपात भाजली जात होती, तो वास आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचा भाऊच. तिथूनच कर्ण्यावर भाषणं ऐकू येत होती. मंत्र्यांच्या भाषणात डुलकी घेणं ही माझी जुनी सवय आहे. त्या दिवशी मी कानात प्राण आणून ऐकलं. मंत्र्यांनी गुरूंच्या बलिदानाची गोष्ट सांगितली. दुसऱ्यांच्या धर्मासाठी त्यांनी शीर दिलं, असं म्हणाले. शिखांनी सोसलेल्या छळाचा उच्चार त्यांनी आडपडदा न ठेवता केला, अगदी अलीकडच्याही. पुढे त्या बंजारा सौदागराचं नाव घेतलं, घर पेटवल्याचं सांगितलं, आणि ज्यांच्या माथी कायद्यानं चोराचा शिक्का मारला त्यांचं हे राज्य ऋणी आहे, असं म्हणाले.

गुरमीत हातातला झारा धरून तशीच उभी राहिली. ओढणीनं डोळे पुसले आणि कढईवरच्या माणसाला ओरडली, "हालव गा, जळन!"

सोनाबाई डोक्यावर चुंबळ बसवत होती. "म्हटलं त्यानं?" तिनं मला विचारलं.

"म्हटलं."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"घर जळाल्याचं बी?"

"ते बी," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'बी' कसा आला कोण जाणे.

ज्ञानीजींनी पांढऱ्या कापडानं झाकलेलं भांडं स्वतः उचलून चुंबळीवर ठेवलं. पुढे एक सेवादार पाणी शिंपडत निघाला, हाच कालचा केशरी पगडीवाला. मागे सोनाबाई. तिच्या बाजूनं कविता, दोन्ही हात पसरून, भांडं आता पडलं की मग पडलं अशा तयारीत. मी आणि गुरमीत त्यांच्या मागे.

मंडपापासून, ग्रंथसाहिब ठेवले होते त्या दरबारापर्यंत लोकांच्या मधून वाट काढली होती. सुरुवातीची काही पावलं सोनाबाईनं दोन्ही हातांनी भांडं धरलं होतं आणि ती पावलं चाचपत टाकत होती. कविता म्हणाली, "आई, थांब." ती थांबली नाही. तिनं पाठ सरळ केली, आणि आधी डावा, मग उजवा, असे दोन्ही हात खाली सोडले.

त्यानंतर ती चालली नाही, ती गेली. घागरा झुलत होता, मान स्थिर होती, पाठीवरच्या फडक्यातले माझे आरसे उन्हात लखलखत होते आणि त्यांचे कवडसे दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांवरून सरकत होते. माणसं उठू लागली. पुढच्या रांगा उठल्या, मागच्या उठल्या, वाहेगुरूंचा जप वाढत गेला. तांड्यावरच्या बायका ओरडल्या, त्यांच्या बोलीत, काय ते मला कळलं नाही पण कळायची गरज नव्हती. मंचावरचे सगळे मंत्री आणि अधिकारी डोक्यावर रुमाल बांधून उभे होते. कालची ओळखपत्रवाली मुलगी वाटेच्या कडेला फोन धरून चित्रण करत होती. सोनाबाई समोरून गेली तेव्हा तिनं फोन खाली घेतला आणि हात जोडले. कविताचे पसरलेले हात केव्हा तरी खाली आले होते. ती आता आईला सावरत नव्हती, नुसती तिच्या शेजारून चालत होती, आणि तिनं मान उंच केली होती.

मी रडले. सरळ, तोंड न लपवता रडले. माझा या सगळ्याशी संबंध आरशांपुरता, तरी मी अभिमानानं इतकी फुगले होते की जणू घर माझ्याच पणजोबांनी पेटवलं होतं.

प्रसाद ओंजळीत पडला तेव्हा गरम होता. मी सोनाबाईला विचारलं, "मान दुखते का गं?"

"दुखते," ती म्हणाली. "लई चांगली दुखते."

गच्ची

संध्याकाळी निरोप घेताना गुरमीतनं विचारलं, "चुंबळ गुरुद्वाऱ्यात ठेवतो आम्ही. काचेत लावू, तांड्याचं नाव लिहू. चालन?"

मला वाटलं, यापेक्षा मोठा मान काय असणार. सोनाबाईनं विचार केला. "ठेवा. पण टांगू नका. वापरा."

"वापराची तं तुयं डोकं लागन वं. पगडीवर बसत नाही ते."

"येईन ना मी. दर साली." मग तिनं मान चोळली आणि तिरक्या नजरेनं लेकीकडे पाहिलं. "माह्यं नाही जमलं तं हिले पाठवीन."

कवितानं तोंड फिरवून रिक्षा थांबवली. घरापर्यंत ती रस्त्याकडेच बघत बसली. मला वाटलं, रागावली.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. सकाळी पिशव्या बांधत होते तर वरून, गच्चीवरून, धपकन आवाज आला आणि पाठोपाठ जिन्यातून पाण्याचा ओघळ उतरला. टाकी फुटली असं समजून मी धावत वर गेले. गच्चीच्या मधोमध कविता उभी होती, दवाखान्याच्या गणवेशात, नखशिखान्त भिजलेली, थंडीनं कुडकुडत. डोक्यावर जुन्या टॉवेलचं वेटोळं होतं आणि पायाशी स्टीलचं पातेलं उपडं पडलं होतं.

कठड्याला टेकून सोनाबाई चहा पीत होती. ती हसली नाही, उठलीही नाही.

"खाली काय पाहून राहिली?" ती लेकीला म्हणाली. "भर पुन्हा."